लँकॅस्टर परगण्यातील आगीची मंडळी

अमेरिकेहून परत आल्यास आता सात महिने होत आले, तरी भेटावयास येणारे स्नेही अजून तेच दोन प्रश्न विचारतात. पहिला, नायगाराचा धबधबा पाहिलात काय. आणि दुसरा, न्यूयॉर्कच्या उंच इमारती कशा वाटल्या. या दोहोंचे वर्णन माझ्याहून अधिकारी लेखकांनी पुष्कळ वेळा केलेले असल्यामुळे त्यात भर घालण्याची प्रस्तुत लेखकाची इच्छा नाही. ज्या गोष्टीने माझ्या मनात घर केले ती एका लहानशा गावातील लाल विटांची, रुंद दारांची एक साधी इमारत होय. तिच्या माथ्यावर गिरणीच्या भोंग्यासारखा एक भोंगा बसविलेला आहे; आणि तो वाजला की तिच्याकडे जी मंडळी धावत सुटतात, त्यांना या धावपळीबद्दल कोणी छदामही वेतन देत नाही.

आमची कन्या व जावई पेन्सिल्व्हेनिया राज्याच्या लँकॅस्टर परगण्यात राहतात. फिलाडेल्फिया शहराच्या पश्चिमेस शंभरेक किलोमीटरवर हा मुलूख आहे. जमीन चुनखडीची व अतिशय सुपीक; जिकडे पाहावे तिकडे मक्याची शेते, मधूनमधून तंबाखू, आणि कुरणात चरणाऱ्या धिप्पाड दुभत्या गाई. गावांची नावेही मौजेची. एकाचे नाव ‘पॅराडाइज’, म्हणजे नंदनवन. दुसऱ्याचे ‘बर्ड-इन-हँड’, म्हणजे हातातला पक्षी! याच भागात आमिश नावाच्या पंथाचे लोक मोठ्या संख्येने राहतात. हे मूळचे युरोपातील. अठराव्या शतकात ते येथे येऊन वसले. ते घरात आपसात एक जुनी जर्मन बोली बोलतात, मोटार बाळगीत नाहीत, सार्वजनिक तारांवरची वीज घरात घेत नाहीत, व घोड्याच्या बग्गीतून हिंडतात. विमा कंपनीच्या दारी जाण्यापेक्षा एकमेकांच्या हातभारावर भिस्त ठेवणे त्यांना अधिक धर्म्य वाटते. त्यांचा या कथेशी निकटचा संबंध आहे, म्हणून हा परिचय.

फेब्रुवारीच्या अखेरीस आम्ही तेथे पोहोचलो. दुसऱ्याच दिवशी दुपारी सगळे जेवावयास बसलो होतो. वरणभातावर तूप वाढून होते न होते तोच जावईबापूंच्या कमरेचे पेजर यंत्र किंचाळू लागले, आणि पाठोपाठ दूरवर तो भोंगा सुरू झाला. जावईबापू पानावरून उठले, पायात बूट चढविले, आणि मोटारीत बसून दिसेनासेही झाले.

मला राग आला हे लपवीत नाही. भरल्या ताटावरून उठणे आमच्या घरी अशुभ मानीत. मी मुलीस म्हटले, “अगं, आग कोणाच्या घरी लागली? यांच्या कोणी नात्याचे, ओळखीचे?”

ती म्हणाली, “अण्णा, कोणाच्या घरी ते त्यांनाही अजून ठाऊक नसेल. तुम्ही जेवा. त्यांचे ताट मी झाकून ठेवते.”

ती हे इतक्या सहजपणे बोलली की झाकून ठेवण्याचा प्रसंग नित्याचाच असावा हे मला कळून चुकले.

जावईबापू संगणकाचे काम करतात व तेही बहुधा घरी बसून. त्यांचे बंबाशी नाते कसे जुळले, हे त्यांनी मला त्या रात्री समजावून सांगितले. या भागातील आगीच्या कंपन्यांत आमिश शेतकऱ्यांचा भरणा मोठा आहे. ते आगीशी झुंजतात, शिड्या चढतात, धुरात शिरतात. परंतु त्यांच्या पंथाच्या नियमाप्रमाणे मोटार हाकावयाची नाही, म्हणून बंब ते चालवीत नाहीत. ज्यांना हाकता येते ते इतर शेजारी दिवसा कामधंद्यासाठी दूर शहरात गेलेले असतात. म्हणजे दुपारच्या आगीला हात आहेत, पण गाडीवान नाही! “तेव्हा मला विचारले,” जावईबापू म्हणाले, “आणि अण्णा, घरीच बसून असताना नाही कसे म्हणावयाचे?”

‘कंपनी’ हा शब्द ऐकून वाचकांच्या डोळ्यांपुढे व्यापारी पेढी येईल. परंतु येथे त्याचा अर्थ आपल्याकडे जुन्या काळी ‘नाटक मंडळी’ म्हणत त्यातल्या ‘मंडळी’चा आहे. एका कामासाठी स्वेच्छेने एकत्र आलेले लोक, इतकाच. या संस्थेचा उगम त्याच राज्यातला आहे. फिलाडेल्फिया शहरात छापखाना चालविणारे बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७३५ साली आपल्या वृत्तपत्रात आगीपासून नगराचे रक्षण कसे करावे याविषयी एक लेख छापला. आणि ७ डिसेंबर १७३६ रोजी ‘युनियन फायर कंपनी’ स्थापन झाली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या बादल्या, आणि जळत्या घरातील चीजवस्त भरून बाहेर काढण्यासाठी पिशव्या व टोपल्या, सदैव तयार ठेवावयाच्या. महिन्यातून एकदा संध्याकाळी एकत्र जमून आगीविषयी अनुभवाच्या गोष्टी बोलावयाच्या. जो गैरहजर राहील त्याने दंड भरावयाचा. आणि त्या दंडातून बंब, शिड्या, आकडे विकत घ्यावयाचे, असे तिचे नियम होते. बॉस्टन येथे याआधी अशी मंडळी निघाली होती. परंतु तिचे सभासद मुख्यतः एकमेकांच्या मालमत्तेची काळजी वाहत. फिलाडेल्फियाच्या मंडळीने गावात कोणाचेही घर पेटले तरी धावून जाण्याचे पत्करले.

सभासदांची संख्या तीसच ठरलेली होती. पुढे अनेकांना तीत शिरावेसे वाटू लागले, तेव्हा त्यांना असे सांगण्यात आले की, तुम्ही आपली निराळी मंडळी काढा. त्यामुळे मंडळ्यांमागून मंडळ्या निघाल्या. फ्रँकलिन यांनी उतारवयात लिहून ठेवले आहे की, पन्नास वर्षांनंतर पहिल्या सभासदांपैकी ते व आणखी एक गृहस्थ एवढेच हयात होते, परंतु मंडळी चालूच होती. मला या साऱ्या हकिकतीत शौर्यापेक्षा तो मासिक सभेचा व दंडाचा नियमच अधिक महत्त्वाचा वाटतो. त्याचे कारण पुढे येईल.

शहरांत हा क्रम कायम राहिला नाही. एकोणिसाव्या शतकात निरनिराळ्या कंपन्यांत चुरस इतकी वाढली की आग विझविण्याचे राहून भर रस्त्यात मारामाऱ्या होऊ लागल्या. शिवाय वाफेचे बंब आले आणि ते हाताळण्यास वाकबगार व नित्य हजर असणारे लोक लागू लागले. तेव्हा सिनसिनाटी शहराने १८५३ मध्ये पगारी दल उभे केले, आणि खुद्द फिलाडेल्फियात १८७१ पासून पगारी व्यवस्था सुरू झाली. खेड्यापाड्यांत मात्र पगार देण्याइतका पैसाही नव्हता आणि रोज आगी लागत नसल्यामुळे तितकी गरजही नव्हती. तेथे स्वयंसेवकच राहिले, ते आजतागायत.

खेड्यातील आगीची मुख्य अडचण पाण्याची. शहरात रस्त्याच्या कडेला बंबास पाणी देणारे नळ असतात. येथे ते कोठून असणार? बंबाच्या पोटात असेल तेवढे पाणी, नळी सोडली की काही मिनिटांत संपते. म्हणून पाठोपाठ पाण्याच्या टाकीगाड्या धावतात. प्रत्येकीत आठ-दहा हजार लिटर पाणी. आगीजवळ जमिनीवर एक घडीचा हौद उलगडून मांडावयाचा, टाकीगाडीने त्यात पाणी ओतून परत ओढ्याकडे पळावयाचे, दुसरीने तिची जागा घ्यावयाची. हे रहाटगाडगे तुटू द्यावयाचे नाही, हेच सारे कौशल्य. एका कंपनीच्या चार-दोन गाड्यांनी ते साधत नाही. म्हणून शेजारच्या चार-पाच गावांचे भोंगे एकाच वेळी वाजतात. आणि सगळेच हाकेचे प्रसंग आगीचे नसतात. त्या दुपारी जावईबापू गेले होते ते एक मोटार बर्फावरून घसरून चरात पडली होती म्हणून. पूर आला, म्हातारे माणूस जिन्यावरून पडले, गाय शेणखताच्या खड्ड्यात अडकली, तरी हीच मंडळी.

खर्चाचे काय, हा प्रश्न मजसारख्या गृहस्थास सुचणे साहजिक होते. नवा बंब आज दहा लक्ष डॉलरच्या घरात जातो. सरकारकडून काही मिळते, पण पुरत नाही. म्हणून ठिकठिकाणच्या कंपन्या हिवाळ्याच्या अखेरीस मोठा लिलाव भरवितात. बर्फ वितळून मैदानात चिखल झालेला असतो, त्यामुळे लोकांनी त्याला ‘चिखल-विक्री’ असेच नाव दिले आहे. मार्चमध्ये गॉर्डनव्हिल येथील विक्रीस आम्ही गेलो. एकाच वेळी निरनिराळ्या ठिकाणी लिलाव पुकारले जात होते. एका मांडवात बायकांनी महिनोन् महिने खपून शिवलेल्या गोधड्या, दुसरीकडे लाकडी सामान, नांगर, बग्ग्या, घोडे. पुष्कळशा वस्तू लोकांनी दान दिलेल्या. स्वयंपाकाची बाजू बायकांकडे व मुलांकडे. कोंबडीच्या रश्श्याकडे पाठ फिरवून मी तळलेल्या गोड वड्यांवर समाधान मानले. तेथे एका आमिश आजीबाईंनी शिवलेल्या गोधडीपुढे आमची मंडळी बराच वेळ उभी राहिली. टाका पाहून म्हणाली, “आपल्या आईचा हात असाच होता हो.” गोधडी मात्र आमच्या आवाक्याबाहेरच्या किमतीस गेली. गावच्या बंबास त्यातून नवे टायर येतील, असे शेजारी उभ्या असलेल्या एकाने हसत सांगितले.

या मंडळीचे आणखी एक काम सांगितल्यावाचून पुढे जाववत नाही. याच परगण्यात निकल माइन्स नावाचे एक ठिकाण आहे. तेथे २ ऑक्टोबर २००६ रोजी जवळपासच राहणारा एक मनुष्य आमिश मुलांच्या एकखोली शाळेत शिरला आणि त्याने दहा मुलींवर गोळ्या झाडल्या. पाच मुली मृत्यू पावल्या. त्याने स्वतःसही संपविले. त्या दिवशी व पुढे कित्येक दिवस बार्ट टाउनशिप येथील आगीच्या कंपनीचे घर हेच साऱ्या मदतकार्याचे केंद्र झाले. विझवावयास ज्वाळा नव्हती. तरी स्वयंसेवकांनी रस्ते राखले, अंत्ययात्रांच्या बग्ग्यांना वाट करून दिली, जगभरच्या वार्ताहरांना शोकाकुल घरांपासून दूर ठेवले. आणि त्या लोकांतील काही जण त्याच दिवशी मारेकऱ्याच्या पत्नीच्या घरी जाऊन, आमच्या मनात तुमच्याविषयी आकस नाही, असे सांगून आले. मी आयुष्यभर मुलांना क्षमेवरील सुभाषिते शिकविली. परंतु हे वाचून माझ्या हातून पुस्तक मिटले गेले.

जूनमध्ये प्रत्यक्ष आग पाहण्याचा प्रसंग आला. तेथील गोठे दुमजली असतात: खाली जनावरे, वर वाळलेल्या गवताचे ढीग. गवत पुरते वाळण्यापूर्वी, म्हणजे शेकडा वीसहून अधिक ओल असताना, रचले तर ते आतल्या आत कुजू लागते. सूक्ष्म जंतूंमुळे उष्णता वाढत जाते आणि चार-सहा आठवड्यांत एखाद्या रात्री कोणी काडी न लावताही ते पेट घेते. मे महिन्यात पाऊस झाला होता. रात्री दीडच्या सुमारास भोंगा झाला. जावईबापू गेले. क्षितिजावर तांबडा प्रकाश दिसत होता. मुलगी, नात आणि मी खिडकीशी बसून राहिलो. मुलीने मुकाट्याने चहा केला. तो कोणी प्याले नाही. मला तेव्हा समजले की, या कामात जो बंबावर चढतो तोच एकटा स्वयंसेवक नसतो.

उजाडताना ते परतले. अंगाला धुराचा वास, डोळे लाल. म्हणाले, “गोठा गेला, अण्णा. गाई मात्र सगळ्या निघाल्या. घर वाचले.” आणि भिंतीला टेकून तेथेच झोपले. त्यानंतर काही दिवसांनी राख उपसून झाल्यावर त्याच जागेवर शेकडो आमिश पुरुष, आणि बरोबर पंथाबाहेरचे शेजारीही, हातोड्या घेऊन जमले. सकाळी जेथे नुसते जोते होते तेथे सूर्यास्तास नव्या गोठ्याचा सांगाडा उभा होता. मी खिळे वेचून देण्याचे काम केले. माझ्या वयास तेवढेच झेपले.

आता माझ्या मनातील मुख्य गोष्ट. त्या रात्री खिडकीत बसलो असता मला कोकणातील माझे गाव आठवत होते. मी नुकताच मास्तर झालो होतो. चैत्रात एका वाडीत पेंढ्याच्या उडवीला ठिणगी लागली, आणि वाऱ्याने आग शाकारलेल्या घरावर गेली. सगळा गाव धावला. त्या रात्री कोणाची घागर कोणाच्या हातात गेली, कोणत्या विहिरीवर कोणी पाय ठेवला, हे कोणी विचारले नाही. सकाळी मात्र ज्याची त्याची विहीर पुन्हा वेगळी झाली. माणसांना धैर्य कमी नव्हते, दयाही कमी नव्हती. पण राहाटाचा दोर जुना होता, तो तुटला. शिडी कोणाच्या घरी आहे हे आठवेपर्यंत आढे कोसळले. ते घर माझ्याच वर्गातील एका मुलाचे होते. घर पेटल्यावर विहीर खणू नये, हा भर्तृहरीचा उपदेश त्याच आठवड्यात मी फळ्यावर लिहून अर्थासह समजावून सांगितला होता! दुसऱ्या दिवशी तो मुलगा वर्गात आला नाही. मी अर्थ सांगितला. दोर कोणी तपासावयाचा, हे सांगितले नाही.

परोपकाराची बुद्धी ज्वाळा दिसताच कोठेही उत्पन्न होते. ती अमेरिकेत अधिक व आपल्याकडे कमी, असे मला मुळीच वाटत नाही. भेद आहे तो महिन्याच्या त्या सभेचा. ज्या दिवशी आग नाही त्या दिवशी येऊन नळ्या धुणे, शिड्या मोजणे, हजेरी लावणे, हाच तेथील खरा परोपकार. आणि तोच कठीण. याचा पुरावाही तेथेच मिळाला. अमेरिकेत २०२० साली अग्निशामकांपैकी शेकडा ६५, म्हणजे सुमारे ६ लक्ष ७७ हजार, स्वयंसेवक होते. परंतु संख्या घटत चालली आहे. एकट्या पेन्सिल्व्हेनियात १९७० नंतरच्या दशकात जे सुमारे ३ लक्ष होते ते २०१८ साली ३८ हजारांच्या आसपास उरले. लोक निर्दय झाले, असे नव्हे. नोकरी दूर, कित्येकांना दोन-दोन नोकऱ्या, नवशिक्यासही दीडशे तासांहून अधिक शिक्षण, आणि वर पैसे जमविण्याचा व्याप. आग लागली तर पाहावयास गर्दी होते. मंगळवारच्या सरावाला खुर्च्या रिकाम्या राहतात, असे तेथील एका वृद्ध सभासदाने मला सांगितले.

निघण्याच्या आधी नातीने एक कागद माझ्यापुढे ठेवला. तिला चौदावे वर्ष पूर्ण झाले होते, आणि त्या राज्यात चौदाव्या वर्षापासून मुलांना धोक्याची कामे वगळून कंपनीत उमेदवारी करता येते. आईबापांची संमती लागते. आई राजी नव्हती. “आजोबा, तुम्ही आईला सांगा ना,” नात म्हणाली.

मी मुलीस इतकेच म्हटले, “तिला नळ्या धुऊ दे. त्या धुण्याचा कंटाळा आला तर आपण होऊन सोडील. न आला तर तिला अडविण्याचा आपल्याला अधिकार नाही.” मुलीने दोन दिवस विचार केला आणि सही केली.

परत आल्यावर मी आमच्या वाडीतील दहाबारा घरे फिरलो. एक लांब शिडी, दोन नवे दोर, बारा बादल्या आणि वाळूचे चार डबे एवढे साहित्य देवळाच्या पडवीत, सर्वांस दिसेल व सर्वांस घेता येईल असे ठेवले आहे. तालुक्याच्या गावचा बंब येईपर्यंतचा वेळ त्यावर काढावयाचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी जमून दोर तपासावयाचे ठरले. पहिल्या खेपेस सतरा माणसे आली. दुसऱ्या खेपेस नऊ. गेल्या रविवारी आम्ही तिघेच होतो. दोर तपासला, बादल्या मोजल्या, वहीत तिघांची नावे लिहिली, आणि पुढच्या रविवारची तारीख फळ्यावर लिहून घरी आलो.